एक ड्रॉपर म्हणजे किती?

आमच्या राजेंद्रनगरच्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज थांबायचं नाव घेत नाही: 'तान्ह्या बाळांना डी-३चे, म्हणजे ड जीवनसत्त्वाचे, थेंब हा कंपन्यांचा धंदा. आईचं दूध आणि कोवळं ऊन पुरे. आमच्या आज्यांनी कुठे थेंब पाजले? आणि द्यायचेच असतील तर शिकलेल्या आईला काय सांगायचं, बाटलीवर सगळं लिहिलेलं असतं.' इंदूरच्या एका दवाखान्यात बरीच वर्षं नर्स होते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आईचं दूध सहा महिने, दुसरं काही नको, अगदी पाणीसुद्धा नको, हे बरोबरच. पण ड जीवनसत्त्व त्यात जेमतेम असतं. लिटरभर दुधात साधारण १०० युनिटही भरत नाही आणि बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० लागतात.

ऊन? सकाळी सातचं कोवळं ऊन शेकायला छान, पण त्वचेत ड तयार करणारे किरण त्यात नावापुरतेच. ते मिळतात दुपारच्या आसपास, आणि मे महिन्यातल्या दुपारी तान्हं बाळ अंगणात कोण ठेवणार? गॅलरीच्या काचेआडून तर ते किरण येतच नाहीत.

आज्यांच्या काळी थेंब नव्हते, खरं. मुडदूस, म्हणजे ड कमी पडून हाडं मऊ होऊन वाकण्याचा आजार, हा शब्द मात्र घरोघरी माहीत होता.

आता 'शिकलेल्या आईला काय सांगायचं'. माझी भाचेसून एम.एस्सी. पहिल्या बाटलीत १ मिलीत ४०० युनिट होते, म्हणून ती रोज १ मिली द्यायची. दुसरी बाटली आली ती १ मिलीत ८००ची. माप तेच राहिलं, डोस दुप्पट झाला. पंधरा दिवसांनी लक्षात आलं. तेवढ्यानं काही बिघडलं नाही, पण याच दुकानांत मोठ्यांसाठीची ६०,००० युनिटची ५ मिलीची बाटलीही मिळते. तिच्यातला १ मिली म्हणजे १२,००० युनिट, बाळाचा महिन्याचा डोस एका दिवसात. असं रोज चाललं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. उलट्या होतात, शी घट्ट होते, बाळ मलूल पडतं. ड्रॉपरच्या मापातली ही गफलत अमेरिकेतही होते. तिथल्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये तसा इशारा दिला होता.

आणि 'बाटलीवर लिहिलेलं असतं', ते बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत. डॉक्टर बोलतात सुनेशी, थेंब पाजते आजी. 'समजलं ना?' विचारलं की सगळ्याच माना डोलावतात. मीही डोलावली असती. म्हणून मी विचारायचे, 'ड्रॉपर भरून दाखवा बरं.' निम्म्या वेळा तो काठोकाठ भरायचा.

भाचेसुनेच्या ड्रॉपरवर अर्ध्या मिलीच्या रेघेशी मी लाल चिकटपट्टी लावून दिलीय. तिच्या सासूबाई आता चष्मा न शोधता देतात. बाटली बदलली की आधी आकडा सुनेनं वाचायचा, मगच पट्टी लावायची, असं ठरलंय.