‘हिरड्यांचा आजार एकच, पायरिया’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

सध्या घरोघरच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. त्याचा सारांश असा: हिरड्यांचा आजार एकच, पायरिया. डॉक्टर ‘स्टेज’, ‘ग्रेड’ असली नावं लावून घाबरवतात. रक्त आलं की ब्रश थांबवा, मीठ-तुरटी चोळा. सफाई केली की दात हलतात. वय झालं की दात जाणारच.

मी दातांची डॉक्टर आहे. हे खरं मानून दुखणं अंगावर काढलेली माणसं मला रोज भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘आजार एकच.’ पायरिया म्हणजे पू वाहणं. ते लक्षण झालं, आजाराचं नाव नव्हे. खरा फरक हाडाचा आहे. सूज नुसत्या हिरडीत असेल आणि दाताभोवतीचं हाड शाबूत असेल, तर तो जिंजिव्हायटिस. तो पूर्ण बरा होतो. 1965 साली हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं सुरू केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. हाड झिजायला लागलं की तो पेरिओडोंटायटिस. तो थोपवता येतो, पण गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

याशिवाय ज्यांचं मूळ किटणात, म्हणजे दातांवर साचणाऱ्या थरात, नाहीच, असे हिरड्यांचे आजार डॉक्टरांच्या वर्गीकरणात वेगळे मांडलेत. क जीवनसत्त्वाच्या अभावाने हिरड्या सुजतात. रक्ताच्या कर्करोगात त्या फुगतात, रक्ताळतात. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन किंवा फिट्सची फेनिटॉइन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या दातांवर चढतात; हा प्रकार मात्र वर्गीकरणात किटणाशी जोडलेल्या गटातच येतो. रक्ताच्या कर्करोगाचा माणूस ‘पायरियाच असेल’ म्हणून महिनाभर तुरटी चोळत बसला, तर त्या महिन्याची भरपाई कोण करणार?

‘स्टेज-ग्रेड घाबरवायला.’ 1999 च्या वर्गीकरणात पेरिओडोंटायटिसचे ‘क्रॉनिक’ आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ असे दोन मुख्य प्रकार होते. हे दोन वेगळे आजार आहेत असा ठोस पुरावा मिळेना. म्हणून 2017 मध्ये शिकागोला अमेरिकन आणि युरोपीय तज्ज्ञांनी मिळून नवी मांडणी केली, ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. स्टेज एक ते चार, म्हणजे नुकसान किती झालं आणि उपचार किती अवघड. ग्रेड ए, बी, सी, म्हणजे ते किती वेगाने होतंय. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, 7 टक्के किंवा जास्त असेल, किंवा दिवसाला 10 वा अधिक सिगारेटी ओढत असाल, तर ग्रेड सी. दातांचा डॉक्टर साखरेचा रिपोर्ट मागतो तो यासाठी.

‘रक्त आलं की ब्रश थांबवा.’ नेमकं उलटं करा. रक्त येतं ते बहुतेकदा हिरडीच्या कडेला साचलेल्या थरामुळे. तो मऊ ब्रशने रोज निघायलाच हवा. रक्त येत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. धूम्रपानाने रक्तस्राव झाकला जातो आणि आत हाड झिजत राहतं. आणि ‘हिरड्या घट्ट होतात’ म्हणून मिश्री लावणाऱ्या आया-मावश्यांना कळकळीने सांगते, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती सोडाच.

‘सफाईने दात हलतात.’ हाड आधीच गेलेलं असतं, किटणाचा थर त्या दातांना तात्पुरता धरून असतो. तो काढल्यावर फटी दिसतात, काही दिवस थंड झोंबतं.

‘वय झालं की जाणारच.’ श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या मजुरांचा 1970 पासून पंधरा वर्षं अभ्यास झाला. त्यांना ब्रश माहीत नव्हता, दातांचा डॉक्टर नव्हता. तरी साधारण 11 टक्क्यांचा आजार हिरडीच्या सुजेपलीकडे गेला नाही, आणि सुमारे 8 टक्क्यांचे दात झपाट्याने गेले. वय सगळ्यांचं सारखंच वाढत होतं.

ग्रेड काढताना तर वयाने भागतातच. सर्वांत खराब दाताचं 50 टक्के हाड गेलं असेल आणि माणूस सत्तरीचा असेल, तर 50 भागिले 70, म्हणजे साधारण 0.7. ती ग्रेड बी. तेवढंच हाड चाळिशीत गेलं असेल तर 1.25, म्हणजे एकच्या वर, ग्रेड सी. एक्स-रेवर दोघांचं नुकसान सारखंच दिसेल, पण चाळिशीतल्या माणसाला मी लवकर-लवकर तपासणीला बोलावते आणि साखर तपासून घ्यायला लावते.