हंगाम संपायच्या आत एक तरी पालक मिळवा

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एखाद्या विनोदी नाटकात तुम्हाला उपवर म्हणून उभं राहायचं असेल, तर मुलीचं मन जिंकायच्या भानगडीत पडू नका. ते बिचारं पहिल्या अंकातच जिंकलेलं असतं. मागणी घालायची ती तिच्या आईला, आणि आई वही-पेन्सिल घेऊन बसलेली असते.

१८९५ साली लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात आलेलं ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' घ्या. त्यातली मुलीची आई, लेडी ब्रॅकनेल, विचारतील, सिगारेट ओढता का? बेधडक हो म्हणा. पुरुषाला काहीतरी उद्योग हवा, असं त्यांचं मत आहे. काय येतं विचारलं, तर काहीच येत नाही म्हणा. अज्ञानावर बाईंचा फार जीव. उत्पन्न वर्षाला सात-आठ हजार पौंड पुरे, पण ते गुंतवणुकीतलं हवं. जमिनीची फुशारकी मारू नका. जिवंतपणी कर, मेल्यावर कर, अशी बाईंची तक्रार आहे आणि आदल्याच वर्षी सरकारनं मृतांच्या मालमत्तेवर नवा कर बसवलाय. बेलग्रेव्ह स्क्वेअरमधलं घर चुकीच्या बाजूला असलं तरी घाबरू नका. बाई बाजू बदलून घेतील, गरज पडल्यास फॅशनही.

मात्र व्हिक्टोरिया स्टेशनच्या क्लोकरूममध्ये हँडबॅगेत सापडलात, हे चुकूनही बोलू नका. ब्रायटनच्या रेल्वेलाइनचं क्लोकरूम होतं, हा खुलासा नाटकातल्या उपवर जॅकनं करून पाहिला. उपयोग झाला नाही. लंडनचा मेजवान्यांचा हंगाम संपायच्या आत निदान एक पालक, आई किंवा बाप, कुठूनही पैदा करा, असा बाईंचा सल्ला आहे. स्वतः लॉर्ड ब्रॅकनेलशी लग्न केलं तेव्हा त्यांच्याकडे दमडी नव्हती, पण असल्या क्षुल्लक गोष्टीला त्यांनी आडवं येऊ दिलं नाही. जॅक जिचा पालक आहे आणि बाईंच्या भाच्याला जिच्याशी लग्न करायचंय, ती सेसिली आधी त्यांच्या डोळ्यांत भरत नाही. तिच्या नावावर १,३०,००० पौंड आहेत हे कळलं, की तिच्या चेहऱ्याच्या ठेवणीत गुण दिसू लागतात.

पालक तिसऱ्या अंकात मिळतोच. विसरभोळ्या दाईनं कादंबरीचं हस्तलिखित बाबागाडीत ठेवलं आणि बाळ हँडबॅगेत. ते बाळ म्हणजे तुम्ही, बाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा! (म्हणजे नवरी मावसबहीण निघाली. आपल्याकडे इथेच लग्न मोडलं असतं. तिकडे इथे जमतं.)

साधे खलाशी असाल तर १८७८च्या 'एच. एम. एस. पिनाफोर' या विनोदी संगीतिकेतला उपाय करा. कप्तानाची आणि तुमची तान्हेपणी अदलाबदल झाली होती, असं सांभाळणाऱ्या बाईकडून जाहीर करून घ्या. तत्क्षणी तुम्ही कप्तान, तो खलाशी, आणि त्याची पोरगी तुमची. दोघं एकाच वेळी तान्हे होता, म्हणजे तुम्ही तिच्या बापाच्या वयाचे ठरता, हा हिशोब गाणी चालू असताना कुणी करत नाही.

खरोखर खालच्या घरातच सोयरीक करायची असेल, तर टी. डब्ल्यू. रॉबर्टसनचं 'कास्ट' (१८६७) पाहून घ्या. सरदारघराण्यातला जॉर्ज डॅलरॉय बॅले नाचणाऱ्या एस्थरशी लग्न करतो. शेवटपर्यंत हँडबॅग निघत नाही की दाई येत नाही. एस्थर दारुड्या एकल्सचीच मुलगी राहते. मग सासऱ्याला तनखा बांधून जर्सी बेटावर धाडायचं ठरतं. तिथे दारू स्वस्त आहे, तो लवकर आटोपेल.