इंजिन मोठं, पंप मोठा, स्पीड डबल?

कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "भावा, स्टँड-अप जेट स्कीची जुनी ५५० ची बॉडी घे, इंजिन मोठं टाक, पंप मोठा बसव, स्पीड डबल. उद्यमनगरात आठवड्यात काम हुतंय. राजाराम तलावात सेटिंग करायचं आणि थेट तारकर्ली!" म्हणजे उभं राहून चालवायच्या, पाण्यावरच्या स्कूटरची गोष्ट; ५५० म्हणजे इंजिनाचे सीसी. नाद असावाच. पण मेसेजमधलं एकेक वाक्य तपासून घेऊ.

'इंजिन मोठं टाक.' हे खरं आहे. कावासाकीच्या ५५० मध्ये ६५० किंवा ७५० चं टू-स्ट्रोक इंजिन बसवणं हा जुना, रुळलेला उद्योग आहे. मात्र इंजिन वाढलं की वजन वाढतं, नाकाचा तोल बदलतो. कावासाकीनं २०१७ च्या एसएक्स-आर या स्टँड-अप मॉडेलमध्ये १,४९८ सीसीचं फोर-स्ट्रोक घातलं, तेव्हा जुन्या ८०० च्या बॉडीत ते कोंबलं नाही. बॉडीच नवी, लांब केली, आणि वजन गेलं अडीचशे किलोवर.

'स्पीड डबल.' नाही. पाण्यात वेग वाढवायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनानं वाढते; पाण्यावर उचलून धावणाऱ्या बॉडीत थोडी कमी. म्हणजे ताकद दुप्पट केली तरी वेग पंचवीस ते चाळीस टक्के वाढला तर नशीब.

खरी गोम पंपात आहे. हा पंप पाणी ओढून मागच्या नोझलमधून जोरात फेकतो, त्या धक्क्यानंच स्की पुढं पळते. नदीवरून उसाला पाणी उचलणाऱ्याला हे सांगायला नको : मोटर तीच ठेवून पंप मोठा लावला की मोटर ओव्हरलोड होते. इथंही तेच. यामाहाच्या सुपरजेट या स्टँड-अप स्कीचा पंप १४४ मिमी व्यासाचा. हौशी लोक १४८ चा बसवतात. फरक फक्त ४ मिमी, पण इम्पेलरची (पंपातल्या फिरत्या पंख्याची) घडण तीच असेल तर तेवढेच आरपीएम राखायला कागदी हिशेबानं सुमारे पंधरा टक्के जास्त ताकद लागते. ती नसेल तर आरपीएम पडतात, आणि टू-स्ट्रोकची ताकद ठरावीक आरपीएमलाच मिळत असल्यानं गाडी उलट मंदावते. मोठा पंप देतो तो उभ्या जागेवरचा धक्का, म्हणून बॅकफ्लिप मारणाऱ्यांना तो हवा असतो. टॉप स्पीड नोझलमधून पाणी किती वेगानं बाहेर पडतं यावर ठरतो. माझं मत विचाराल तर आधी इम्पेलर आणि वेअर रिंग (त्याच्याभोवतीचं कडं) यांच्यामधली फट तपासा. ती झिजून वाढली असेल तर दाब तिथूनच गळतो, आणि नवी रिंग इंजिनापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

'उद्यमनगरात आठवड्यात.' इंजिन बसवायची प्लेट, इंजिन आणि शाफ्ट जोडणारा कपलर आपले लेथवाले झकास करतील, त्यात शंका नाही. पण मोठ्या पंपासाठी बॉडीचा तळ कापून फायबरनं पुन्हा भरावा लागतो, आणि इंजिनाचा व पंपाचा शाफ्ट एका रेषेत शिम (पातळ पट्ट्या) लावून बसवावा लागतो. घाई केली की कपलरचं रबर खातं, बेअरिंग जातं, आणि तळाचा सांधा गळला तर गाडी बुडते.

राहिलं तारकर्ली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. हवा तिथल्यापेक्षा पाचेक टक्के विरळ. इथल्या हवेला काटेकोर जुळवलेलं कार्ब्युरेटरचं जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राचं (जेटचं) माप, समुद्रावर लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि फुल थ्रॉटलला इंजिन सीझ होऊ शकतं, म्हणजे पिस्टन जाम होतो. किनाऱ्यावर आधी मोठ्या छिद्राचा जेट टाका, थोडं चालवून प्लग काढून रंग बघा. पांढरा दिसला तर थ्रॉटल आवरा.