एक्सेल शीटवर डॉक्टर घडत नाहीत, मान्य. पण...

सर, तुमची प्रतिक्रिया वाचली. चांगलीच मोठी आहे आणि रागात लिहिलीय, पण मनापासून लिहिलीय हे कळतं, म्हणून खाली दोन ओळीत न उरकता इथे सविस्तर लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी आमच्या टीचिंग हॉस्पिटलमध्ये पीजी रेसिडेंट्सचं (एमडी-एमएस शिकता शिकता ड्युटी करणाऱ्या डॉक्टरांचं) वर्षाचं वेळापत्रक कसं बसवतो ते लिहिलं होतं. त्यावर सरांचं (सर जनरल सर्जन, ऐंशीच्या दशकात मुंबईत शिकलेले, आता रिटायर्ड) म्हणणं असं की रेसिडेंट पेशंटच्या खाटेशी घडतो, एक्सेल शीटवर नाही, आमच्या वेळी कोऑर्डिनेटर नावाचा प्राणीच नव्हता तरी एकसे एक सर्जन झाले, डीआरपी (रेसिडेंटची जिल्ह्याच्या ठिकाणची सक्तीची ड्युटी) म्हणजे तीन महिने पाण्यात, आताची पोरं तास मोजतात, लॉगबुकं (केलेल्या कामाच्या नोंदवह्या) सगळी खोटी, आणि जिने आयुष्यात एक नाईट केली नाही तिने यावर ब्लॉग लिहू नये.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते. नाईट केली नाही, खरंय, मी डॉक्टर नाही, एमएस्सी करून अकॅडमिक सेक्शनला कोऑर्डिनेटर म्हणून लागले. पण या आठवड्यात कोणाची कितवी नाईट चाललीय हे विचाराल तर ते माझ्याशिवाय कोणालाच धड सांगता येत नाही, नाईट करणाऱ्यालाही नाही, कारण त्याला आज वार कोणता तेच आठवत नसतं.

आता "आमच्या वेळी". तुम्हीच लिहिलंय की तुमच्या बॉसनी पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या हातात अपेंडिक्सचं ऑपरेशन दिलं, स्वतः समोर असिस्टला उभे राहिले. भाग्यवान आहात सर, खरंच. पण त्याच मजल्यावर दुसऱ्या युनिटला जो हाऊसमन (तेव्हाचा ज्युनिअर रेसिडेंट) होता त्याला काय मिळालं? बहुतेक रिट्रॅक्टर (ऑपरेशनची जखम उघडी धरायचं हत्यार) धरायला मिळाला आणि रक्ताच्या बाटल्यांमागे पळायला मिळालं. तो आज "आमच्या वेळी कसं भारी होतं" असं लिहायला येत नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळेच तसे शिकले. माझी सगळी नोकरी त्या दुसऱ्या युनिटमधल्या पोरासाठी आहे असं समजा. चांगला बॉस मिळालेल्याला माझी गरज नाही, तो मला दारातून हात करून जातो.

आणि एक्सेल शीटला एवढं हसू नका, हिशोब करून बघा. समजा एका विभागात वर्षाला ६ सीट आहेत. तीन वर्षं मिळून १८ रेसिडेंट. ऐकायला भरपूर वाटतात. आता डीआरपी, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम. २०२१ च्या बॅचपासून प्रत्येक एमडी-एमएसवाल्याला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये ३ महिने जिल्ह्याच्या ठिकाणी जावंच लागतं. सहा जणांचे तीन-तीन महिने म्हणजे अठरा महिने, आणि खिडकीही अठराच महिन्यांची, म्हणजे एका बॅचचा एक जण कायम बाहेर. वर सेकंड इयरचं तिसरं सेमिस्टर आणि थर्ड इयरचं पाचवं एकाच वेळी चालू असतं, त्यामुळे वर्षातले सहा महिने एक जण बाहेर आणि सहा महिने दोन. मग २०२३ च्या पीजी नियमावलीप्रमाणे माणशी वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा. अठरा गुणिले वीस, ३६० दिवस, झाला की एक माणूस वर्षभर गायब! साप्ताहिक सुट्टी खरोखर द्यायची म्हटली (नियमात "कामाची निकड नसेल तर" असं शेपूट आहेच) तर रोजचे अडीच गेले. रात्री तिघे ड्युटीला होते त्यांना सकाळी सोडायचं तर आणखी तीन. राहिले दहा, त्यातले तीन-चार जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे, ज्यांना अजून सीटी स्कॅन कुठे होतो ते विचारावं लागतं. या दहांत ओपीडी, दोन ओटी (ऑपरेशन थिएटर) टेबलं, वॉर्ड, कॅज्युअल्टीचे कॉल, आणि वर तुमचं ते खाटेजवळचं शिकवणं.

आता यात कोणी शीट बनवलीच नाही तर काय होतं? जो ओरडतो त्याला ओटी मिळते आणि जो गप्प बसतो तो वॉर्डात डिस्चार्ज कार्ड लिहीत बसतो. दोन वर्षांनी दोघांनाही सारखीच डिग्री.

आणि हे सगळं बॅच वेळेवर आली तर हं. नीट-पीजी २०२१, म्हणजे पीजीची प्रवेश परीक्षा, आठवतेय का? एप्रिलमध्ये होणार होती, कोविडमुळे ११ सप्टेंबरला झाली, मग आरक्षणाचा मामला सुप्रीम कोर्टात, आणि काउन्सेलिंग (जागावाटप) सुरू व्हायला जानेवारी २०२२ उजाडलं. म्हणजे देशभरात कितीतरी महिने फर्स्ट इयर नावाची गोष्टच नव्हती. अठराच्या जागी बारा. दिल्लीत रेसिडेंट रस्त्यावर आले ते उगाच नाही. त्या काळात सेकंड इयरवाल्यांनी जेआर-वनची सगळी कामं परत केली आणि ऑपरेशनं शिकायचं वर्ष सॅम्पल पाठवण्यात गेलं. तुम्ही म्हणता तसं "काम केलं की शिकणं आपोआप होतं" हे खरं असतं तर ती बॅच सगळ्यात जास्त शिकलेली निघायला हवी होती.

तास मोजण्याबद्दल. हा लाड आताच्या पोरांनी शोधून काढलेला नाही सर. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेतच लिहिलंय, एका वेळी १२ तास आणि आठवड्याला ४८ तास. तेव्हा तुम्ही बहुतेक लेक्चरर असाल, बघा कोणी पाळताना दिसलं होतं का. २०२३ च्या नियमावलीत तर आकडाच नाही, तास वाजवी असावेत एवढंच. २०२४ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या मानसिक आरोग्याच्या टास्क फोर्सने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास सुचवले, आणि मार्डवाले (महाराष्ट्रातल्या रेसिडेंट डॉक्टरांची संघटना) सुद्धा तासांना मर्यादाच मागतायत, कोणी आठ तासांची ऑफिस ड्युटी मागत नाहीये.

एका ठिकाणी मात्र तुमचा मुद्दा वजनदार आहे. तास कमी केले की पेशंट हातातून हातात जातो आणि मधेच काहीतरी सांडतं, हे तुम्ही बरोबर लिहिलंय. अमेरिकेत २०१६ मध्ये शंभराहून जास्त सर्जरी प्रोग्रॅमचा अभ्यास छापून आला, त्यात सलग ड्युटीचे नियम सैल केलेल्या गटात पेशंटचं काही जास्त बिघडलं नाही असंच दिसलं, म्हणजे तुमच्या बाजूचाच पुरावा. फक्त त्या दोन्ही गटांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा होती, हे विसरू नका. आपल्याकडे मर्यादा कागदावर. आणि हातात देतानाच्या गोंधळावरही उपाय आहे, नऊ हॉस्पिटलांच्या बालरोग विभागांत ठरावीक साच्यात हॅंडओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्याला सांगणं) द्यायला शिकवलं तर चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या असं २०१४ मध्ये दिसलं. म्हणून तर मी सकाळी आठचा हॅंडओव्हर शीटमध्ये वेगळा रकाना करून टाकलाय, ज्याची तुम्ही मागच्या पोस्टखाली "आता चहाचाही रकाना करा" म्हणून टर उडवली. (चहाचाही करेन. मामा आठला चहा आणतात म्हणूनच सगळे वेळेवर येतात.)

डीआरपी. इथे मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. जाताना सगळे कुरकुरतात, हात बिघडेल, थिसिस राहील, तिथे नुसतं रजिस्टर भरायला लावतील. काही ठिकाणी लावतातही. पण परत आलेल्यांशी बोला. आपल्या कॅज्युअल्टीत रात्री दोनला १०८ येते, आत बाळंतीण किंवा पोटफुगीचा म्हातारा, हातात रेफर चिठ्ठी, आणि आपला रेसिडेंट पहिलं वाक्य काय बोलतो? "यांना काही येत नाही, नुसतं रेफर करतात." मी टेबलापलीकडून हे इतक्या वेळा ऐकलंय. तोच पोरगा सिव्हिलला तीन महिने काढून आला की त्याला कळलेलं असतं की तिथे भूलतज्ज्ञ एकच आहे आणि तो सकाळपासून सिझेरियनला उभा आहे, रक्ताची पिशवी दुसऱ्या तालुक्यातून येणार आहे, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याने जे शक्य होतं ते केलंय. एक ॲनेस्थेशियाचा मुलगा परत आल्यावर मला म्हणाला, मॅडम आता मी रेफर चिठ्ठी आधी उलटून वाचतो, मागे काय काय दिलंय ते लिहिलेलं असतं. पूर्वी तो मागची बाजू बघतच नव्हता. हे तुमच्या युनिटमध्ये कोण शिकवणार होतं सांगा. आणि त्याने तिथे जेवढे स्पायनल (पाठीत सुई घालून द्यायची भूल) एकट्याने दिले तेवढे आमच्याकडे सहा महिन्यांत मिळाले नसते, कारण आमच्याकडे सुईसाठी चार जण रांगेत.

लॉगबुक? बरीचशी शेवटच्या महिन्यात एका बैठकीत लिहिली जातात, यावर भांडत नाही. पण सही करणारेही न वाचता करतात, ते कोण असतात सर?

राहता राहिला तुमचा ताजा कलम. एवढं झोडपल्यावर शेवटी "माझी पुतणी जेआर-वन आहे, डीआरपी कधी घ्यावी" असं विचारलंत, हे वाचून हसू आलं, राग मानू नका. तिला सांगा, मिळालं तर चौथं सेमिस्टर घे. तिसऱ्यात हात जेमतेम बसलेला असतो आणि पाचवं थिसिसमध्ये जातं, कारण थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी जमा करायचा असतो. जायच्या आधी थिसिसच्या केसेस गोळा करायला को-गाईडला नाहीतर ज्युनिअरला सांगून ठेवायचं, आणि एथिक्स कमिटीच्या कागदात त्याचं नाव आहे ना ते बघायचं. स्टायपेंड मूळ कॉलेजकडूनच येतो पण तिथली हजेरी इकडे वेळेवर पोचली नाही तर अडकतो, म्हणून हजेरीचा फोटो दर महिन्याला स्वतःच काढून ठेवायचा. राहायची सोय जिल्ह्याने करायची असते, तरी निघण्याआधी फोन करून खोली दाखवा म्हणावं, मुलींनी तर नक्कीच.