‘केबलवाल्याचं ज्ञान’ म्हणणाऱ्या साहेबांना

साहेब, तुमची कमेंट मी उडवलेली नाही, तशीच ठेवलीय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, घरच्या राउटरवरच्या लेखात मी लिहिलं होतं की राउटरमधलं नॅट, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकाच पत्त्यानं वावरू देणारी सोय, दारावरच्या वॉचमनसारखं काम करतं. त्यावर साहेबांनी लिहिलंय, “नॅटला फायरवॉल समजणं हा अडाणीपणा आहे. आयपीव्ही सिक्सचा पत्ता नाही, फर्मवेअर अपडेटवर एकच ओळ. केबलवाल्याच्या ज्ञानावर लेख पाडू नयेत.” (नवख्यांसाठी, फायरवॉल म्हणजे नको ते येणंजाणं अडवणारी सोय, आयपीव्ही सिक्स म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर.)

आता ‘पाडू नयेत’ म्हणजे काय हो? मी काय इथं विटा पाडायलोय का? लेख फुकट आहे, जाहिरात नाही, वाचलाच पाहिजे अशी कोणाला सक्ती नाही. चूक दाखवा ना, हजारदा दाखवा, पण अडाणी म्हणायचं आणि नावाच्या जागी ‘नेटवर्क गुरू’ लिहून मोकळं व्हायचं ही कुठली रीत.

आणि मुळात मी नॅटला फायरवॉल म्हणलोच नाही, वॉचमन म्हणलो, परत जाऊन बघा. नॅट सुरक्षेसाठी नाही तर इंटरनेटचे पत्ते पुरेनात म्हणून आलं, ३२ बिटांचे पत्ते, म्हणजे जवळपास ४३० कोटी, सगळ्या जगाला कुठून पुरणार, म्हणून १९९४ च्या आसपास ही युक्ती निघाली, हे मलाही माहिताय. पण होतं काय, तुमच्या मोबाईलनं बाहेर काही मागितलं की राउटर त्याची नोंद आपल्या टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, करतो आणि उत्तर आलं की नोंद बघून त्याच मोबाईलला देतो. कोणी न बोलावता बाहेरून पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पाठवलं तर ते आत कोणाला द्यायचं हेच टेबलात सापडत नाही, म्हणून ते तिथंच पडतं. आता हे काम वॉचमनचं नाही तर कोणाचं आहे? नोकरीवर ठेवलं दुसऱ्या कामासाठी असेल, पण दारात उभा तर आहे. आणि हा वॉचमन फसतो कुठं तेही मी लिहिलंय की, यूपीएनपी नावाची सेटिंग चालू असली तर घरातलं कुठलंही यंत्र राउटरला सांगून परस्पर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून घेतं, तुम्हाला विचारत पण नाही. तिथपर्यंत तुम्ही वाचलंच नाही असं दिसतंय, नाहीतर ही कमेंट आलीच नसती.

राहिला केबलवाला. साहेब, मी परभणीत सायबर कॅफे चालवलाय, डायलअपच्या काळात, मोडेम किरकिरत लागायचा आणि कोणी फोन उचलला की तुटायचा तेव्हापासून. पुढं वायरी ओढल्या, खांबावर चढलो, आता फायबर जोडतो. म्हणजे तुम्ही ज्याला केबलवाला म्हणता तो मीच, आणि त्याची लाज वाटायचं काही कारण मला तरी दिसत नाही. आमच्याकडं बहुतेक घरात राउटरची सेटिंग बसवणारा जी करून जातो तीच डबा जळेपर्यंत राहते. मग त्यालाच शिकवायला नको का?

मानवतला एका कापूस व्यापाऱ्याकडं गेलो होतो, नेट स्लो म्हणून तक्रार. राउटर स्टॅबिलायझरवर ठेवलेला, वरून प्लॅस्टिकची पिशवी, जाळ्यांवर कापसाच्या बारीक तंतूंचा थर. आत लॉगिन केलं, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, पहिल्या फटक्यात उघडलं. फायरवॉल ‘लो’वर, आणि डीएमझेड नावाच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याचा, आयपी पत्ता टाकलेला. म्हणजे बाहेरून येणारं सगळं सरळ डीव्हीआरवर, आणि त्या डीव्हीआरचा पासवर्डही कंपनीतून आला तसाच. का केलं, तर पोरगा पुण्याला असतो, त्याला मोबाईलवर दुकान दिसावं म्हणून. त्यासाठी स्टॅटिक आयपीचे, म्हणजे कधी न बदलणाऱ्या पत्त्याचे, वेगळे पैसे पण मोजलेले. २०१६ ला मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर असेच तर पकडले होते, कंपनीचे ठरलेले साठेक नाव-पासवर्ड एकामागून एक लावून बघायचे, बस. त्यात कुठली लई मोठी हॅकिंग नव्हती. तर मी डीएमझेड बंद केलं, पासवर्ड बदलले, फायरवॉल वर नेली, आणि पोराला पोर्ट उघडल्याशिवाय दुकान दिसेल अशी व्यवस्था लावून दिली. हे केबलवाल्याचंच ज्ञान आहे. तुम्ही काय केलं असतं, आधी व्यापाऱ्याला नॅट आणि फायरवॉलमधला फरक समजावला असता?

एक मात्र मान्य, राउटरची सेटिंग उघडायला १९२.१६८.१.१ वर जा असं मी लेखात सरसकट लिहिलं, ते सगळ्या डब्यांना चालत नाही. डब्याच्या खालच्या स्टिकरवर बघा, तिथं पत्ता असतो. लेखात दुरुस्त केलंय.

आयपीव्ही सिक्सचं म्हणाल तर तिथं नॅट लागत नाही, प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, त्यामुळं अडवायला राउटरची फायरवॉलच पाहिजे, बरोबर आहे. सिक्युरिटीच्या मेनूत ती ऑन आहे का बघा. झालं. त्यासाठी अख्खा लेख अडाणी ठरवायची गरज नव्हती. शिवाय तालुक्याच्या गावाला बऱ्याच कनेक्शनवर डब्ल्यूएएन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरचा पत्ता, १००.६४ ते १००.१२७ मधलाच दिसतो, म्हणजे कंपनीनंच वरती आणखी एक नॅट लावलेलं, मग आपण राउटरवर पोर्ट उघडून उपयोग होत नाही. आमच्या वाचकाचं रोजचं दुखणं ते आहे, त्यावर तुम्ही चकार शब्द काढला नाही.

फर्मवेअरवर एक ओळ लिहिली कारण कंपनीनं दिलेल्या डब्यात ते बहुतेक वेळा कंपनीच वरून टाकते, ग्राहकाला बटणच दिसत नाही. स्वतः विकत घेतलेला राउटर असेल तर करा अपडेट, कोण नाही म्हणतंय.

पुढची कमेंट खुशाल करा, पण नावानं करा, आणि तुमच्या घरच्या राउटरवर डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय, चालू आहे की बंद तेवढं आधी बघून या.