म्हणे हिरडीत सुई खुपसतात!

मावशीने दातांच्या डॉक्टरांकडची वेळ परस्पर रद्द केली. का, तर म्हणाली, 'हे वाच.' मेसेज असा: 'तपासणीच्या नावाखाली हिरडीत सुई खुपसतात. त्याने हिरडी सुटते, खड्डा पडतो, मग त्याचेच उपचार विकतात. दुखत नसेल तर हिरड्या तपासू नका. रक्त आलं तर ब्रश बंद ठेवा, हिरडीला विश्रांती द्या. स्केलिंगने दात हलतात. फारच शंका असेल तर एक्स-रे पुरे.' खाली हात जोडलेले. मावशीला मधुमेह आहे, त्यामुळे मला गप्प बसवेना.

आधी ती सुई. ती सुई नाहीच, मोजपट्टी आहे. प्रोब म्हणतात तिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्याच्या प्रोबला टोकाशी अर्ध्या मिलिमीटरची गोळी असते, टोचू नये म्हणून. दात आणि हिरडीमधली फट निरोगी माणसालाही असते, साधारण 1 ते 3 मिलिमीटर. तिच्यात प्रोब अलगद सरकवायचा, जोर 20-25 ग्रॅमचा. प्रोबवर 3.5 ते 5.5 मिलिमीटरपर्यंत काळा पट्टा असतो. तो पूर्ण दिसला तर ठीक, अर्धा बुडाला तर पॉकेट झालंय, म्हणजे हिरडी सुटून फट खोल झालीय, पूर्ण गडप झाला तर खोली 6 मिलिमीटर किंवा जास्त, म्हणजे सविस्तर तपासणी हवीच. तोंडाचे सहा भाग करून प्रत्येकातला सगळ्यात वाईट आकडा लिहायचा, काही मिनिटांचं काम. याने खड्डा पडतो म्हणणारा उद्या म्हणेल, दोरी सोडून खोली मोजली म्हणून विहीर झाली!

पण मला खरा संताप आला तो 'ब्रश बंद ठेवा' वाचून. हा प्रयोग होऊन गेलाय हो! 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात ठीक झाल्या. म्हणजे ही 'विश्रांती' मिळते ती जंतूंच्या थराला. रक्त येतंय तिथे मऊ ब्रशने नीट घासायचं, आणि थांबलं नाही तर दाखवायचं.

'दुखत नाही' हा तर हिरड्यांच्या रोगाचा स्वभावच. हाड झिजून दात हलेपर्यंत अनेकांना काही जाणवत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्तही कमी येतं, त्यामुळे तेही गाफील राहतात. एक्स-रेत झिजलेलं हाड दिसतं, आजची सूज नाही. आणि स्केलिंगनंतर, म्हणजे किटण खरवडून काढल्यावर, हलणाऱ्या दाताचं हाड आधीच गेलेलं असतं, किटणाने ते झाकलेलं असतं इतकंच.

आता 'उपचार विकतात' याबद्दल. नाइलाजाने मान्य करते, थोडं तथ्य आहे. हिरड्यांचा गंभीर आजार नसलेल्यांनी नियमाने दर सहा महिन्यांनी स्केलिंग केलं तरी दोन-तीन वर्षांत फारसा फरक दिसत नाही, असं वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात आहे. मग कोणाला गरज आहे ते कळणार कसं? मोजूनच ना? माझी तक्रार नेमकी उलटी आहे. इतकी वर्षं मी दात दाखवतेय, कीड बघतात, 'बाकी छान' म्हणतात, प्रोब एकदाच लावला. प्रत्येक प्रौढाचे सहा आकडे कागदावर यायला हवेत, मागच्या वेळचे शेजारी हवेत, आणि मधुमेह आहे का, तंबाखू आहे का, हे खुर्चीत बसवतानाच विचारायला हवं.

मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरणं अवघड जातं. हिरड्यांच्या उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीए1सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा टक्क्यांतला आकडा, सरासरी 0.4 च्या आसपास उतरतो. मावशीला हे सांगितल्यावर तिने फोन मागितला. मेसेज पुढे पाठवलेल्या तिघींना आता तीच कळवणार आहे. वेळ गुरुवारची मिळालीय.