चंद्र स्वतःभोवती फिरतो, आणि हे प्रदक्षिणा घालून कळतं

‘चंद्राची एकच बाजू दिसते, कारण तो स्वतःभोवती फिरतच नाही. त्याची मागची बाजू कायम काळोखात असते. आणि फिरत असलाच, तर दोन गती इतक्या तंतोतंत जुळणं निसर्गात अशक्य. म्हणजे कुणीतरी तो मुद्दाम तिथे बसवलाय.’ असा मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण पहिल्या वाक्याचं उत्तर आपल्या पायांना ठाऊक आहे.

देवळात प्रदक्षिणा घालताना आपली उजवी बाजू सतत देवाकडे असते. आता आपलं तोंड कुठे असतं ते बघा. दार पूर्वेला असेल तर निघताना दक्षिणेला, मग पश्चिमेला, उत्तरेला, पूर्वेला आणि फेरी पुरी होताना पुन्हा दक्षिणेला. म्हणजे देवाभोवती एक फेरी झाली तेवढ्यात आपण स्वतःभोवतीही एकदा फिरलो. न फिरता, तोंड दक्षिणेलाच ठेवून चाललात, तर देवाला आधी तुमची उजवी बाजू दिसेल, मग पाठ, मग डावी बाजू, शेवटी चेहरा. चंद्र फिरत नसता तर आपल्यालाही त्याच्या सगळ्या बाजू अशाच दिसल्या असत्या. त्याच्या दोन्ही फेऱ्या सुमारे २७.३ दिवसांच्या आहेत.

काळोखाचं म्हणाल, तर अमावस्येला मागच्या बाजूवर लख्ख ऊन असतं. जानेवारी २०१९ मध्ये तिथे उतरलेलं चीनचं चांग-ई ४ यान मुख्यतः सौरऊर्जेवर चाललं. ती बाजू आपल्यापासून लपलेली आहे, एवढंच.

राहिला योगायोगाचा मुद्दा. तो योगायोग नाहीच. चंद्रामुळे आपल्या समुद्राला भरती येते, तशी पृथ्वीच्या ओढीने चंद्राच्या खडकालाही किंचित फुगवटा येतो. पूर्वी चंद्र जास्त वेगाने गिरकी घेत होता तेव्हा हा फुगवटा पृथ्वीच्या रेषेपुढे सरकायचा आणि पृथ्वी त्याला मागे खेचायची. आतल्या घर्षणात गिरकीचा जोर जिरत गेला आणि ती फेरीच्या वेळेशी जुळल्यावरच हे थांबलं. गुरूचे चारही मोठे चंद्र असेच एक बाजू धरून फिरतात. प्लूटो आणि त्याचा शॅरन तर दोघेही एकमेकांकडे एकच बाजू ठेवून आहेत. इतके सगळे कुणी बसवले?

शिवाय ‘तंतोतंत’ही पूर्ण खरं नाही. चंद्राची कक्षा थोडी लांबट आहे. जवळ आला की तो कक्षेत भरभर सरकतो, लांब गेला की सावकाश. गिरकी मात्र एकसारखी. त्यामुळे, आणि त्याचा आस थोडा कललेला असल्यामुळे, तो आपल्याला किंचित डोलताना दिसतो आणि काही काळात त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग नजरेस पडतो. कडेजवळ मारे क्रिसियम नावाचा वेगळा उठून दिसणारा काळसर डाग आहे. पुढच्या काही पौर्णिमांना साध्या दुर्बिणीतून तो पाहा: कधी कडेच्या जास्त जवळ असतो, कधी आत सरकलेला.